सागवान सोडून

दिनूच्या बायकोचा, सुलभाचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन नुकतीच घरात शिरत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. हृदयविकाराचं निमित्त झालं, पण मला विचाराल तर दिनू त्याआधी दोन-तीन वर्षं हळूहळू जातच होता...

कलाशाळेत आम्ही एका बाकावर होतो. भुईगावच्या बागायतदाराचा हा मुलगा नव्वदच्या सुमारास गोखिवऱ्यात गाळा घेऊन फर्निचर करू लागला आणि रेखाटनं करायला मी जाऊ लागले. वसईत इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि प्रत्येक नव्या घराला सागवानच हवं असायचं. दिनूचा हट्ट एकच, सागवान सोडून काहीही आणा. "सगळे सागच मागणार, म्हणून सगळीकडे सागच लावणार. मग बाकीच्या झाडांना कोण राखणार?" असा तो भांडायचा. किंजळ, ऐन, कळंब, हेद अशी लाकडं शेजारी शेजारी बसवून, गाठी न लपवता त्याने टेबलं केली. नातेवाईक म्हणाले, दिनू चुलीतलं लाकूड दिवाणखान्यात आणतोय. पण मुंबईच्या हौशी लोकांना ते आवडलं आणि बघता बघता त्याची फॅशन झाली. दिनू तेव्हा फार खूश होता.

सुरुवातीला वादळात पडलेलं, जुन्या घरांतून निघालेलं लाकूड यायचं. मग एका सकाळी टेम्पोतून हेदाचे ओंडके उतरले. साल ओली होती, एका फांदीवर हिरवी पानं होती. "हे पडलेलं झाड नाही," दिनू म्हणाला.

"पडलेला कुटून आनू, शेठ?" टेम्पोवाला सरळपणे म्हणाला. "पूर्वी ह्याला कोन इचारत नव्हता, म्हनून उभा होता. आता तुमच्यामुले भाव आलाय."

दिनूने माल परत पाठवला आणि मला घेऊन ती तोडीची जागा बघायला गेला. जूचंद्रच्या पुढे, कुणाच्या तरी खासगी उतारावर नुसते बुंधे होते, प्रत्येकाचा रंग वेगळा, त्याच्या टेबलांसारखाच. मधल्या जागेत सागाची रोपं रांगेने लावलेली. एकाही पक्ष्याचा आवाज नव्हता. "करायला गेलो एक..." दिनू म्हणाला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्याने लाकूड घेणं बंद केलं. टेम्पो शेजारच्या गाळ्यात वळू लागले, कारण त्याची नक्कल करणारे एव्हाना गल्लीभर झाले होते. तिकडे करवत सुरू झाली की दिनू दारात उभा राहून वास घ्यायचा. "हेद," म्हणायचा. किंवा "आज शिवण." कुणी गेल्याचं सांगावं तसं. मग शेजारचे सुतारही नाव विचारायला त्याच्याकडेच येऊ लागले आणि तो बिचारा सांगायचाही.

परवा मी गाळा आवरायला गेले होते. शेजारचा सुतार हातात एक तुकडा घेऊन आला. "ताई, हे कुठलं झाड? दिनूशेठ लगेच सांगायचे." तुकडा ओला होता. मी हुंगला, पुन्हा हुंगला. कडवट, कधीच न घेतलेला वास. मी नकारार्थी मान हलवली.

"राहू दे. बिलात मिक्स लाकूड म्हणून टाकतो," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने तिकडे करवत सुरू झाली.