कंपनीचं कापड

वहिनींचा आवाज कधी चढला नाही, तरी पॅकिंगची अख्खी लाइन त्यांचंच ऐकायची. मी त्याच लाइनीवरची, युनियनची कार्यकर्ती, घसा बसेपर्यंत बोलणारी. आणि बायका माझं ऐकता ऐकता बघायच्या त्यांच्याकडे. मला त्यांचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, लपवून उपयोग नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला बिस्किटांचा कारखाना, दोन हजार सालानंतरचा काळ. त्यांना सगळ्याच वहिनी म्हणायच्या; त्या डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या, मुरबाडात खोली घेऊन राहायच्या. सुपरवायझर पाठीशी येऊन उभा राहिला की म्हणायच्या, "साहेब, सावली पडते. पाकिटात सावली भरली तर वजन कमी येल." तो मुकाट बाजूला व्हायचा. मी हेच बोलले असते तर मेमो हातात पडला असता.

मग त्या चार महिने आल्या नाहीत. परतल्या तेव्हा जाळीच्या टोपीखाली पांढरं फडकं होतं. गाठीचं ऑपरेशन झालेलं, औषधांनी केस गेलेले, औषधं अजून चालूच. लाइनीवर हे फक्त मला माहीत, कारण रजेचा अर्ज मी लिहून दिला होता. सुपरवायझरने केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा वहिनींनी मला सोबत नेलं. त्याने नियमाचा कागद पुढे केला: डोक्यावर कंपनीच्या कापडाशिवाय काही नको. "फडकं काढा, नाहीतर केस येईपर्यंत घरी बसा."

"केस पडू नये म्हणूनच नेम हाय ना?" वहिनी म्हणाल्या. "माझा एक जरी केस पाकिटात गावला तर मला काढा."

त्याने घरी पाठवलं. आजारपणाची रजा संपली होती; आता घरी बसणं म्हणजे हजेरी तुटणार, हजेरी तुटली की कामगार विम्याचं कार्ड बंद, आणि कार्ड बंद म्हणजे औषधं बंद.

मी पेटले. दुसऱ्या सकाळी गेटवर हँडबिल वाटलं: 'कॅन्सरग्रस्त कामगार भगिनीला घरी बसवणाऱ्या व्यवस्थापनाचा धिक्कार असो.' खाली वहिनींचं नाव, गावासकट. वाटताना मनात होतं, आता लाइन माझ्याकडे बघेल.

संध्याकाळी एक प्रत त्यांच्या खोलीवर घेऊन गेले. त्यांनी सावकाश वाचलं, घडी घातली.

"सासरी नुसती गाठ सांगितलेली गो. आता पाड्यावर सगळ्यांना कळंल. साहेबानं फडकं काढ सांगितलं, मी काढलं नाय. तू गेटवर काढलंस."



तिसऱ्या दिवशी त्या कामावर हजर. कंपनीचेच जुने एप्रन उसवून, आत मऊ अस्तर घालून, कानापर्यंत येणारी टोपी शिवली होती, वर जाळी. सुपरवायझरने कापड चिमटीत धरलं. "हे काय?"

"कापड कंपनीचं. शिलाई माझी."

त्याने कागद उलटापालटा केला. अडवायला कलम सापडेना. वहिनी आत गेल्या. कार्ड चालू राहिलं, औषधं पुरी झाली. महिन्याभरात अर्धी लाइन तसली टोपी घालायला लागली, कारण जाळीचं इलॅस्टिक सगळ्यांच्याच कपाळाला काचायचं. त्या इलॅस्टिकवर मी दोन वर्षं निवेदनं देत होते.

माझा राग गेलेला नाही. आजारी बाईने आपला हक्क सुईने का शिवून घ्यायचा? सुपरवायझरने माफी मागितली नाही, उलट त्याला बढती मिळाली. हे वहिनींना म्हटलं तर म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय बाय. पण मला तवा माफी नको होती, औषध पायजे होतं."

पुढे नोकरी सोडून त्या पाड्यावर गेल्या. आजही कुणाचं काही अडलं की बायका माझं युनियनचं ऑफिस ओलांडून डोळखांबची एसटी पकडतात. मला झोंबतं. मागच्या महिन्यात मीसुद्धा पकडली. साखरेच्या आजाराने पाय सुजलेल्या एका मुलीला कंपनीचे बूट घालायची सक्ती चालली होती, तिच्यासाठी लिहिलेल्या हँडबिलाचा मसुदा पिशवीत होता. वहिनींनी वाचला, मुलीच्या नावावर बोट ठेवलं.

"हिला इचारलंस?"

"विचारलं. लिही म्हणाली."

"मंग छाप."