तात्या, कावळा आणि माझी चार सॉफ्टवेअरं

आमचे तात्या वारले त्याला वर्ष उलटून गेलं, पण मला शिव्या द्यायचं त्यांनी अजून थांबवलेलं नाही.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. विहिरीवर मोटा चालायच्या त्या काळातली, बैल हाकताना म्हणायची गाणी गावात एकट्या त्यांनाच येत होती. आवाज असा खणखणीत की वाशीच्या बाजारात त्यांनी "ए बाळ्या!" म्हटलं की दोन-चार परके बाळ्यासुद्धा जागच्या जागी उभे राहायचे! (मी त्यातला घरचा बाळ्या. वाशीत, आमच्या तालुक्याच्या गावी, माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे.) ती गाणी त्यांच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून मी दुकानामागच्या गोदामात स्टुडिओ थाटला. भिंतींना वाकळा टांगल्या, खताच्या पोत्यांची थप्पी लावून कोपरा केला, मधोमध माइक उभा केला. गाणारा माणूस पहिल्याच ओळीला शिंकायचा, पण बाहेरचा आवाज आत येत नव्हता.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा. कंप्युटरवर गाणं भरायचं, कापायचं, जोडायचं तर ते लागतंच. आणि तिथंच माझ्या अंगात आलं! पहिलं फुकटचं मिळालं, ते दिसायला कळकट म्हणून सोडलं. दुसऱ्यात इतकी बटणं होती की मला माझंच बोट सापडेना. तिसरं पुण्याच्या एका मित्रानं "सगळे मोठे लोक हेच वापरतात" असं सांगून गळ्यात मारलं. तात्या माइकसमोर पोत्यावर बसलेले आणि मी स्क्रीनवरची सरकती पट्टी बघत बसलेला, असं आमचं रेकॉर्डिंग चालायचं.

"काय करायलास रं?"

"नवं टाकायलोय, तात्या. ह्यात आवाज लई गोड येतो म्हणं."

"आवाज माझ्या नरड्यातनं येतो का त्याच्यातनं?"

एकच गाणं कसंबसं भरलं, तेही अर्धवट. पुढच्या खेपेला चौथं टाकून ठेवतो, मग सलग पुरं करू, असं मी त्यांना बजावून सांगितलं. ती खेप आलीच नाही. तात्या झोपेतच गेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मोठी आई, म्हणजे तात्यांची बायको, दुकानात आली. जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही त्या बाईनं. खताच्या पोत्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाळ्या, त्यांचा फोटू हाय भिंतीवर. पर आवाज इसरायला लागले रं मी. सकाळी उठून आठवून बघते, येत न्हाय. तुझ्याकडं हाय न्हवं? वर्षश्राद्धाला एकदा ऐकीव."

गाणं अर्धंच होतं, तेही कुठल्या सॉफ्टवेअरात ते आठवेना. पण तोंड कुठं गप्प बसतंय!

"ऐकवतो की! त्यात काय!"

त्यात काय होतं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पहिल्यात ते गाणं उघडेना. दुसरं तर मी रागाच्या भरात कधीच काढून टाकलेलं. तिसऱ्यात गाण्याचं नुसतं नाव दिसायचं, आत काही नाही. शेवटी चौथ्यात ते उघडलं. भर दुपार होती. लाइट गेलेली, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लॅपटॉप बॅटरीवर. मी बटण दाबलं.

आधी नुसता श्वास आला. लांब, खोल. मग गोदामातल्या अंधारातून कुणीतरी बोललं. तो तात्यांचा आवाज होता आणि नव्हताही. विहिरीच्या तळाशी बसून वर बघत बोलावं तसा.

"बा... ळ्या... हा... यस... का..."

माझी बायको सुमन नेमकी जेवणाचा डबा घेऊन दारात आली होती. तिचा हात तसाच हवेत राहिला.

"अहो, आत कोण हाय?"

"तात्या," मी म्हणालो. (दुसरं काय सांगणार!)

डबा तिथंच आपटून ती जी निघाली ती चप्पलसुद्धा न शोधता. मागाहून मला उलगडा झाला. माइकनं गाण्याआधीचं तात्यांचं बोलणंही भरून घेतलं होतं. चौथं सॉफ्टवेअर गाणं निम्म्या वेगानं वाजवत होतं आणि वर आपणहून 'गुहा' नावाचा घुमारा लावून बसलं होतं. मी वेग नीट केला, घुमारा काढला. जपून ठेवायचं बटण दाबलं का? दाबलं असणार, असं धरून चाललो.

वर्षश्राद्धाला गावाकडच्या घरी सगळी भावकी जमली. ऊन डोक्यावर आलं. पान वाढून स्लॅबवर ठेवलं आणि सगळे अंगणात माना वर करून उभे राहिलो. लिंबाच्या शेंड्यावर एकच कावळा बसला होता. खाली येईना, उडून जाईना, ओरडेना. नुसता बघत होता. इच्छा राहिली की कावळा शिवत नाही आणि कावळा शिवल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास पडत नाही!

तात्यांचा थोरला, आमचा दादा, पुढं झाला. "तात्या, बोअरची मोटर दुरुस्त करतो! उद्याच!"

कावळा ढिम्म.

तात्यांच्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, हात जोडले. "वैनीसंगं पुन्यांदा भांडणार न्हाय रं भाऊ!"

कावळ्यानं मान वाकडी करून तिच्याकडं बघितलं. विश्वास बसलेला दिसला नाही.

"बाळ्या," मोठी आई म्हणाली, "तू आवाज लाव. वळखीचा आवाज ऐकून तरी यील."

मी लॅपटॉप उघडला, भिंतीवरच्या स्पीकरला जोडला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. जपून ठेवायचं बटण मी दाबलेलं नव्हतं!

"पा... णी... द्या..."

अख्खं अंगण गोठलं. दादा तांब्या घेऊन जिना चढत धावला, पानाशेजारी पाणी ठेवलं आणि खाली बघायची हिंमत होईना म्हणून वरच उभा राहिला.

"क... वा... धरनं... ब... स... वून... ठे... वलंय..."

आत्या मटकन खाली बसली. आणि कावळा एक फांदी खाली उतरला.

"बा... ळ्या..."

सगळ्या भावकीची तोंडं माझ्याकडं वळली. मी बंद करायला गेलो तर सॉफ्टवेअर अडकलं. "बा... ळ्या... बा... ळ्या..." एवढंच पुन्हा पुन्हा! लिंबाचं पान हलत नव्हतं. कावळा आणखी एक फांदी उतरला. आता, वेग, घुमारा, सगळी भानगड मला ठाऊक होती. तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोलू! घामेजल्या बोटांनी मी दिसेल ते दाबत सुटलो आणि त्यातलं कुठलं तरी लागू पडलं. एकाएकी तात्या जिवंत, खणखणीत, भिंतीवरून बोलले.

"एक कायतरी धर की रं लेका! सारखं बदलायलास! म्या मरायच्या आधी एक गाणं तरी पुरं कर!"

वरून दादाचा आवाज आला, "हीच! हीच इच्छा ऱ्हायलीय! ह्याच्या कंप्युटरात जीव अडकलाय त्यांचा!"

"बाळ्या, शबूद दे!" आत्या खालूनच ओरडली.

"दे की रं! भुका लागल्यात लोकास्नी!" भावकीतनं कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांसमोर मी स्लॅबकडं बघून हात जोडले. "तात्या, आता हेच ठेवतो. पुन्हा सॉफ्टवेअर बदलत न्हाय. आहे तेवढं गाणं पुरं करतो."

कावळा सरळ खाली आला, पानावरचं भजं उचललं आणि निघून गेला.

लोकांनी श्वास सोडला. स्पीकर मात्र चालूच होता. "अगं ए, च्या टाक जरा. घसा बसलाय." तात्या सवयीनं हाक मारून गेले होते. गाणं भरलं त्या दिवशी ते वाशीत, मोठी आई गावाकडं. ती हाक तिला ऐकू जाणार तरी कशी!

"टाकते की," मोठी आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन खरंच उठली. चुलीकडं चार पावलं गेली आणि थांबली. मला तर स्क्रीन दिसेनाशी झाली. मग तीच हसली, डोळे पुसत. "वरीस झालं, कुणी मला च्या मागितला न्हवता."

तिनं चहा केला, तोवर मी गाणं थांबवून ठेवलं. मग तात्या गायले. अर्धंच गाणं, पण मोठी आई चहाचा कप हातात धरून ते ऐकत राहिली. केलेल्या चहातला एक कप तिनं स्पीकरशेजारी नेऊन ठेवला. उरलेलं अर्धं तिच्या ओठावर होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुढच्याच आठवड्यात तिला त्याच पोत्यावर बसवून, त्याच चौथ्या सॉफ्टवेअरात, मी ते पुरं करून घेतलं. ती एकदाच शिंकली.

शब्द मी पाळलाय. परवा फक्त पुण्याच्या मित्राचा फोन आला. "पाचवं आलंय बाजारात, वापरून तर बघ!" मी नुसतं विचारलं की जागा किती घेतं. एवढंच! दुकानाच्या खिडकीत कावळा येऊन बसला. मान वाकडी. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी हात जोडून म्हणालो, "चौकशी करायलोय फक्त, तात्या! टाकत न्हाय!"

"शेठ, कुणासंगं बोलायलाव?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"कस्टमर केअर," मी म्हणालो.