अहो, इकडं या की

बायकोच्या मागं मागं जायचं, हा माझ्या बाबतीत कायदाच आहे. ती पोर्तुगालची, म्हणजे युरोपीय संघाची नागरिक. मी निमगाव केतकीचा. ती सोबत असली की सरहद्दीवर तिच्याच रांगेतून मलाही जाता येतं, आणि तिचा नवरा म्हणून व्हिसा फुकट मिळतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते धार काढता काढता म्हणाले, "फुकट हाय व्हय? मंग तिचं बोट सोडू नगंस."

ती पळसदेवला उजनीच्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास करायला आली होती. मी बारामतीच्या कॉलेजात शिकवतो. तिला दुभाषा हवा होता आणि मला निमित्त. लग्न इंदापुरात नोंदवलं, जेवणावळ गावात घातली. तिचे वडील तेवढे येऊ शकले नाहीत, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते व्हिएन्नात माळीकाम करतात. फोनवर लेकीला एवढंच म्हणाले, "घेऊन ये त्याला, मग बघू." हे 'मग बघू' वर्षभर माझा पिच्छा सोडत नव्हतं. माणसाला मी पसंत पडलो नाही तर काय, या धास्तीनं मी पोर्तुगीजमधलं एक लांबलचक वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

मराठी ती माझ्या आईकडून शिकली. आई आबांना जशी हाक मारते तशीच ती मला मारते. 'अहो' हे माझं नावच आहे, अशी तिची कितीतरी दिवस समजूत होती, आणि आईला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही.

व्हिएन्नाला उतरल्यावर मी बाथरूमला गेलो. बाहेर आलो आणि एस.टी. स्टँडची सवय, पासपोर्ट तपासणीची जी रांग सगळ्यात मोठी तिच्यात जाऊन उभा राहिलो. पुढं मराठी ऐकू आलं. सहलीला निघालेली वीसेक मंडळी, कुणीतरी चकल्या काढलेल्या. "तुम्ही कुठले?" "इंदापूरचे." "अहो, मग आपल्या मेव्हणीचं सासर अकलूज की!" मी चकली घेतली. माझा पासपोर्ट बायकोच्या पिशवीत आहे, ती पलीकडच्या रांगेत थेट खिडकीशी पोचली आहे आणि साहेब तिला नवरा कुठाय विचारतोय, याचा मला पत्ताच नव्हता.

तेवढ्यात सगळा हॉल दणाणला. "अहो, इकडं या की!"

रांगेतले झाडून सगळे पुरुष वळले. दोघं तर चालायलाही लागले. माकडटोपीवाले एक काका "आलो, आलो" म्हणत निघाले, तेव्हा काकूंनी त्यांना शर्टाला धरून मागं ओढलं. मी रांगेच्या पट्ट्याखालून वाकून पळालो.

"यातला तुमचा कोणता?" साहेबानं बायकोला विचारलं. तिनं मला पुढं केलं. त्यानं लग्नाचा दाखला घेतला आणि बराच वेळ खाली मान घालून वाचत बसला. माझं हसू तिथंच वाळलं. यानं नाही म्हटलं तर बाहेर न्यायला आलेल्या सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? मान वर न करता त्यानं विचारलं, तो शब्द काय होता.

"नवऱ्याला हाक मारायचा," बायको म्हणाली.

"मग ते सगळे का वळले?"

"ते सगळे नवरेच आहेत."

साहेबानं शिक्का मारला, पण हसू दाबता दाबता तो तिरका उमटला. आम्ही दोघं बॅगांच्या पट्ट्यापर्यंत हसत राहिलो.

बाहेर सासरे काठी टेकून उभे होते. गळाभेट नाही, हसणं नाही. वरपासून खालपर्यंत मला बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"आत कुणी त्रास दिला का, म्हणतात," बायकोनं सांगितलं.

पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं पळालं. तोंडातून निघालं ते थेट निमगावचं, "न्हाय, न्हाय."

पोर्तुगीजमध्ये 'नाही'ला असंच काहीतरी नाकातून म्हणतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात तरी कुठं होतं? सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. ते लेकीकडं वळून काहीतरी बोलले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणतात, हा तर आपल्यासारखंच बोलतो."

मी त्यांच्या गळ्यात पडलो, काठीसकट.