खळ्यावर मांडलेला माणसाचा इतिहास

तुमच्या घरातल्या बाईनं कुठं पाऊल टाकायचं नाही, हे कुणी ठरवलं आणि कधी, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मला ते एका तेरा वर्षांच्या मुलीनं विचारलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या भागात दलित वस्त्यांतली घरं जळायला लागली, त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. सोनपेठच्या शाळेला जाणाऱ्या गाडीवर दगड पडले, म्हणून गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आपल्या दोन्ही मुलींची शाळा थांबवली. मुलगा मात्र सायकलवर जात राहिला. मुलींना घरी शिकवायला मला बोलावलं. मी मास्तरची मुलगी. आमच्या घरात भांड्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त, आणि मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच.

त्या शेतकऱ्याबद्दल मला फार आदर होता. भर सभेत उभं राहून त्यांनी नामांतराला पाठिंबा दिला होता. भावकीनं त्यांच्याकडं येणं-जाणं तोडलं, तरी शब्द मागं घेतला नाही. "माणसाच्या पावलानं काही बाटत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी स्वतः पत्रकात छापून वाटलं होतं.

सनावळ्या शिकवायच्या नाहीत, अख्ख्या माणसाची गोष्ट सांगायची, असं मी ठरवलं होतं. विहिरीवर इंजन आल्यापासून मोट ओढायचा लांबलचक दोर, नाडा, गोठ्यात पडून होता. तो आम्ही शेतात नेला. ज्वारीच्या मळणीसाठी खळं नुकतंच सारवलं होतं. नाड्याचं एक टोक बांधावर, दुसरं खळ्याच्या मधल्या खांबाला. बांधावर पहिला माणूस, खांबापाशी आपण.

"म्हंजी आपले पणजोबा माकड व्हते?" धाकटीनं विचारलं.

"तुझ्याकडं बघितलं की पटतंय," थोरली म्हणाली.

आम्ही चालत निघालो. दगडाची हत्यारं, विस्तव, शिकार, गुहेतली चित्रं. नाडा संपत आला तरी कुणी एक दाणा पेरला नव्हता. शेती आली ती खांबापासून हातभर अंतरावर. लिहिणं वीतभरावर. राजे, किल्ले, देवळं सगळी त्या वीतभरातच. धाकटी वाकून वाकून बघत होती.

थोरली मात्र खळ्याच्या कडेलाच थांबली होती.

"आत ये की."

"मला चालत न्हाई आज, ताई. रास बाटंल." ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "ह्यो नियम नाड्यावर कुठं येतो?"

"तूच सांग. शेती कुठं आली?"

"तिथं. खांबाजवळ."

"मग खळं त्याच्या आधी कसं असेल?"

तिनं बांधापर्यंत नजर टाकली. "म्हंजी एवढा सगळा नाडा बाया कुठंबी फिरायच्या?" ती हसली, चपला काढल्या, आत आली आणि खांबाला हात लावून उभी राहिली. मी तिला पुन्हा काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच उरली नव्हती.

तेवढ्यात तिचे वडील बैल घेऊन आले. "काय शिकवायलाव ताई?" असं हसत म्हणाले. धाकटी टाळ्या वाजवत ओरडली, "दादा, अक्का बाहेरची असून आत आली!"

त्यांनी हातातला कासरा टाकला. भर सभेत भावकीला न बधलेला माणूस खळ्याकडं धावत आला.

"बाहेर हो," ते मुलीला म्हणाले.

"काका, माणसाच्या पावलानं काही बाटत नाही, हे तुमचंच वाक्य आहे."

"ते गावाबद्दल, ताई. सभेतलं सभेत. हे पोट हाय आमचं."

घरं पेटवणाऱ्यांची भीती मला ठाऊक होती. त्यांच्याविरुद्ध कसं लिहायचं हेही ठाऊक होतं. पण आपल्या बाजूचा, भावकीनं तोडलेला माणूस आपल्याच लेकीला असं बघेल, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खळं पुन्हा सारवलं, गोमूत्र शिंपडलं. मला निरोप आला: लय झाली शिकवणी. पुढं गाड्या सुरळीत सुरू झाल्या. धाकटी शाळेत गेली. थोरली गेली नाही. "आता ती मोठी झाली," एवढंच कारण. मी तीनदा त्यांच्या दारात गेले, भांडले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सभेचा विषय काढला. त्यानंतरही नामांतराच्या सभेत ते पुढच्या रांगेत बसत, टाळ्या घेत. त्या टाळ्यांत माझे हात आजही उठत नाहीत.

नामांतर व्हायचंय अजून. त्यासाठी मी मोर्चात चालतेच आहे, तुम्हीही चाला. पण मोर्चाला निघण्याआधी घरात बघा. मोठी झाली म्हणून बसवलेली मुलगी असेल, तर तिला आधी शाळेत नेऊन तिचं नाव घाला, मग झेंडा हातात घ्या.