नाल्यातला मासा

शेततळ्याच्या बांधावर पहिल्यांदा माशाचं मुंडकं सापडलं तेव्हा आम्हाला वाटलं, बगळ्यानं टाकलं असेल. पण ते कटल्याचं होतं, हाताच्या पंज्याएवढं, आणि मानेपाशी नीट कुरतडलेलं. आठवड्याभरात अशी मुंडकी रोज दिसायला लागली. मग तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटला. नखांचे चार समांतर ओरखडे, आणि त्यातून रात्रभरात झिरपून गेलेलं पाणी.

"पाणमांजर हाय," माझे दीर म्हणाले. "गोदावरीतून नाल्यानं वर येतंय. एकटं नाय, टोळी हाय."

गंगापूरच्या खाली, नदीकडे उतरणाऱ्या नाल्याच्या काठी आमचं शेत आहे. नुसता ऊस परवडेना म्हणून दिरांनी तळं खोदून मासे सोडले होते. माझा नवरा वाळूजला कंपनीत आणि मी संभाजीनगरला शिवणकाम करते. रविवारी आम्ही दोघं शेतावर जायचो. शहरातल्या दोन खाणावळींची मागणी मीच धरून ठेवली होती. मासे मोठे व्हायला आले होते आणि नेमके मोठेच जात होते.

दिरांनी सगळं करून पाहिलं. कंदील लावला, डबे बांधले, फटाके वाजवले. दोन दिवस उपयोग व्हायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा मुंडकं. मी म्हटलं, वनखात्याला कळवू. ते म्हणाले, "कळवलं. माणूस आला, फोटो काढून गेला. मारू नका म्हणला. मग आमी काय करायचं ते नाय सांगितलं." त्यांचं बोलणं दिवसेंदिवस तुटक होत चाललं होतं. जेवताना ताटावरूनच उठून तळ्याकडे जायचे.

त्या चैत्रात आम्ही शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. ऊस तुटलेल्या रानात कळप रात्री बसला की खत होतं. दर वर्षी येणारंच बिऱ्हाड होतं ते. आक्का, तिचा नवरा, आणि या खेपेला बरोबर चार वर्षांची नात. नाल्याच्या पलीकडे त्यांचं पाल होतं.

रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा दीर ओट्यावर बसले होते. चहा पुढं ठेवला तरी उचलला नाही.

"वहिनी, आता नाय येणार ते," ते म्हणाले.

"का?"

"मासे टाकून ठेवलेत नाल्यात. रात्रीच. पोटात औषध भरून."

माझा नवरा कपबशी खाली ठेवत म्हणाला, "कुठलं औषध?"

"कपाशीचं."

"आणि नाल्याच्या पलीकडं कोण राहतंय, माहीत हाय ना तुला?"

त्यांच्या डोक्यात फक्त तळं होतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग ते एकदम उठले आणि घमेलं घेऊन चालायला लागले. आम्ही मागोमाग निघालो.

नाल्यात पाणी थोडंच होतं, मधे मधे डबकी. दिरांनी दगडांवर, बोरीच्या बुंध्याशी, चिखलाच्या कडेला मासे ठेवले होते. एकेक सापडत गेला. काडीनं उचलून घमेल्यात टाकायचे आणि पुढं जायचे. कशालाच तोंड लागलेलं नव्हतं. माझ्या जिवात जीव यायला लागला, तेवढ्यात दीर एका सपाट दगडापाशी थांबले.

"इथं एक व्हता."

दगड ओला होता, त्यावर दोन-तीन खवलं चिकटलेली होती. मासा नव्हता.

"नक्की इथंच?"

"व्हय. सगळ्यात मोठा इथंच ठेवला व्हता."

नवरा वाकून चिखल बघत होता. पाणमांजराचा पंजा असेल, कुत्र्याचा असेल, असं मला वाटत होतं, तसं असावं असंच वाटत होतं. तो म्हणाला, "चपलेचा ठसा हाय. बाईच्या."

मी वर पाहिलं. पालासमोर चुलीचा धूर निघत होता.

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. साडी बाभळीला अडकून फाटली ते नंतर कळलं. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं होतं. आक्का पीठ मळत होती. नात ताटलीत भाकरी कुस्करून बसली होती, कालवणाची वाट बघत.

"आक्का, मासा कुठला?"

"नाल्यात पडला व्हता. ताजा व्हता." ती माझ्याकडे बघत राहिली. "का वो ताई?"

"खाल्ला का कुणी?"

"अजून नाय. शिजतोय."

"खाऊ नका. त्यात औषध हाय."

तिनं पिठाच्या हातानंच नातीपुढची ताटली ओढून घेतली. पोरगी रडायला लागली. आक्कानं तिचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, जीभ बघितली, आणि मग तिला उचलून दूर नेऊन बसवलं.

"कुणी घातलं?"

"आमच्यातल्यानं. पाणमांजरासाठी."

तोवर दीर आणि नवरा मागं येऊन उभे राहिले होते. आक्कानं दिरांकडे एकदा पाहिलं, पण बोलली माझ्याशीच. "साफ करताना वास आला व्हता. मला वाटलं, फवाऱ्याचं पाणी उतरलं आसंल नाल्यात. येतंय की नेहमी. म्हणून दोन पाणी जास्त धुतला."

मग तिला काहीतरी आठवलं. ती वळून इकडं तिकडं बघायला लागली. "आतडी कुत्र्याला टाकली मी."

कुत्रं बाभळीखाली आडवं सापडलं. तोंडाला फेस, पाय ताठ होत चाललेले. आक्काचा नवरा कळप सोडून धावत आला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. थोड्या वेळानं कुत्र्याचा श्वास थांबला.

मासा आक्कानं उघड्या हातांनी साफ केला होता, त्याच हातानं नातीचं तोंड तपासलं होतं, त्यामुळं आम्ही दोघींना गावातल्या जीपमध्ये घालून गंगापूरला दवाखान्यात नेलं. वाटेत आक्का सारखी हात नाकाशी नेऊन बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, औषध हाताला कसं लागलं. दीरच पुढं होऊन म्हणाले, "मी माशात भरलं व्हतं. यांची चूक नाय." डॉक्टर त्यांना लागेल असं बोलले. दिवस मावळेपर्यंत दोघींना ठेवून घेतलं. पोरगी खेळायला लागली, तेव्हा सोडलं.

घमेल्यातले मासे आणि पातेल्यातलं कालवण नवऱ्यानं खोल खड्ड्यात पुरलं. पातेलंही पुरलं. कुत्र्याला त्याच्या माणसांनी पुरलं, आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाल उठलं. अजून बरेच दिवस कळप बसायचा ठरला होता. थांबा म्हणायचं तोंड आम्हाला नव्हतं.

पुढं दिरांनी तळ्याभोवती जाळी ठोकली, खाली पत्रा पुरला. त्यांनी औषधाचं नाव पुन्हा काढलं नाही. एरवीही ते कमीच बोलतात आता.

पावसाळ्यानंतर आक्का मला गंगापूरच्या बाजारात भेटली. मिरच्या निवडत होती. मी नातीची चौकशी केली. बरी आहे म्हणाली.

"मांजर येतंय का अजून?" तिनं विचारलं.

"कधीमधी. जाळी उकरतं. नेतं एखादा मासा."

"आमचं कोकरू लांडगा नेतो," ती म्हणाली. "राग येतोच की. लई येतो."

मी म्हटलं, "येत्या चैत्रात मेंढ्या आणा. भाऊजींनी निरोप सांगितलाय."

तिनं मिरच्या पिशवीत ओतल्या. "मालकांना इचारते," म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

चैत्र आला, गेला. शेजारच्या रानात कळप बसला होता, दुसऱ्याच कुणाचा. आम्ही ट्रॉलीनं खत आणलं. दीर ते पसरताना मधेच थांबून नाल्यापलीकडं बघत होते.