आबांच्या सदऱ्यावरची इस्त्री

इस्त्रीवाल्याने कापडावर पाणी शिंपडून गरम इस्त्री टेकवली की जी वाफ उठते, ती मला सोसत नाही. लोकांना तिच्यात धुतल्या कपड्यांचा चांगला वास येतो. मी मात्र रस्ता ओलांडून पलीकडे जाते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. माझ्या लेखी त्या वाफेत कुणीतरी असतं.

आमचे आबा, म्हणजे वडील, भारी नटवे. मुंबईला एका लाँड्रीत काही वर्षं काढून माले या आमच्या गावी परतले ते पितळी इस्त्री घेऊनच. गावात कुणाकडे इस्त्री नव्हती आणि कुणाचं तिच्यावाचून अडतही नव्हतं. आबा मात्र पौडच्या बाजाराला जायचे तेही कडक सदरा घालून. इस्त्री भरायचं काम त्यांनी आईला शिकवलं. चुलीतले निखारे चिमट्याने पेटीत टाकायचे, खाली बारीक, वर मोठे. झाकण लावून अंगणात चार झोके द्यायचे, म्हणजे राख उडून जाते नि निखारा फुलतो. मग सदऱ्यावर ओला पंचा अंथरून त्याच्यावरून इस्त्री न्यायची. वाफ आत शिरली की चुण्या मोकळ्या होतात. "जोर न्हाई लावायचा, वाफंला काम करू द्यायचं," असं ते बजावायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची.

एका वर्षी पाऊस उघडल्यावर धरणापलीकडून गवताचे भारे आणताना त्यांची होडी उलटली. बाकीचे पोहून आले. आबा सापडले नाहीत. लोकांनी काठाकाठाने खूप शोधलं. शेवटी घरच्या थोरांनी ठरवलं, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. आमच्याकडे त्या पुतळ्याला गेलेल्या माणसाने अंगावर वापरलेलं, न धुतलेलं कापड घालतात. त्यावरून त्याला स्वतःची ओळख पटते, नाहीतर तो पाण्यावरच भटकत राहतो म्हणतात. तसं कापड घरात एकच होतं. गवताला निघताना आबांनी काढून खुंटीला लावलेला सदरा.

आई तो देईना. ती त्यात तोंड खुपसून बसायची. मीही हुंगून पाहिला होता. विडी, घाम आणि खोबरेल. आबा त्यात होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दिवेलागणीला मी दार लोटायला गेले की आई म्हणायची, "उघडंच राहू दे." मग मी दाराकडे बघत जेवायची. ते येणार नाहीत याची भीती वाटायची आणि ओल्या अंगाने येतील याचीही.

विधीच्या सकाळी धाकटा चुलता दारात येऊन उभा राहिला. "वैनी, सदरा द्या. भटजी खोळंबल्यात."

"चुरगळलेला घालून ते कंदी कुटं गेले न्हाईत," आई म्हणाली. "थांबा जरा."

तिला वेळ काढायचा होता, एवढंच. एकेक निखारा निवडून तिने इस्त्री भरली. पंचा भिजवून पिळला, सदऱ्यावर अंथरला. इस्त्री टेकवली तशी चर्र करून वाफ उठली.

त्या वाफेबरोबर आबा उठले. दुसरं कसं सांगू? विडी, घाम, खोबरेल. सगळं घर भरून गेलं. चुलता मागे सरून भिंतीला टेकला. नुकताच बोलायला लागलेला माझा भाऊ खेळता खेळता थांबला, दाराकडे वळून "आबा" म्हणाला आणि हसला. दारात कुणी नव्हतं.

आईचा चेहरा मात्र उजळला होता. तिने घाईघाईने पंचा पुन्हा भिजवला, पुन्हा इस्त्री फिरवली. या खेपेला वास निम्माच आला. त्यापुढच्या खेपेला आला तो नुसता ओल्या कापडाचा नि कोळशाचा. तिने सदरा उचलून नाकाशी धरला. कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या, काखेत नाक घातलं. मग तो माझ्यापुढे धरला. "बघ गं, तुला येतुया का?"

मी मान हलवली. येत नव्हता.

आईने सदऱ्याची नीट घडी घातली, बाह्या मागे दुमडल्या आणि ती घडी चुलत्याच्या हातावर ठेवली.

"न्या भावजी," ती म्हणाली. "ह्यात आता कुणी न्हाई."