माझ्या नावाची गोळी

रोज जेवण झालं की मी ॲस्पिरिनची छोटी गोळी घेते, आणि सगळ्यांदेखत घेते. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले. पुढे माझ्याही आतड्यात दोन गाठी सापडल्या, त्या दुर्बिणीने काढल्या. गोळीने पुन्हा गाठी होण्याची शक्यता कमी होऊ शकते, पण पोटात रक्तस्रावही होऊ शकतो, असं बजावून डॉक्टरांनी मला तपासूनच ती दिली. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या शेजारणी म्हणतात, घराण्यातच आहे तर गोळी काय करणार, नशिबात असेल ते होईल. नशिबाचे एवढे लाड करायला मी बांधील नाही.

धाकटा भाऊ मौद्याला शेती करतो. आमच्या घराण्यात एकाची चिठ्ठी सगळ्यांना चालते. खोकल्याचं औषध म्हणा, डोळ्यांचे थेंब म्हणा, कोणाचंही कोणीही घेतं. मागच्या महिन्यात भाचीला बघायला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी गेले, तर फळीवर माझ्याच गोळीची पाकिटं.

"तुह्या चिठ्ठीचा फोटो दाखवला अन् आणली," भाऊ ऐटीत म्हणाला. "सहा महिन्यांपासून घेऊन राहिलो. आता ते दुर्बीणबिर्बीण नाही लागत मले."

बाजूलाच गुडघेदुखीच्या गोळ्या. त्याही रोजच्या, म्हणजे पोटात रक्तस्रावाचा धोका आणखी वाढलेला. माझं डोकंच फिरलं.

"गोळी घेतली की तपासणी माफ, असं कोणं सांगितलं गा तुले? मी दोन्ही करतो!"

"काहून एवढी चिडून राहिली वं ताई?"

"बाप गेला म्हणून!"

त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "बाबाले वर्षभर संडासातून रक्त जात होतं. मले मालूम होतं. कोणाले सांगू नको म्हणे, पोरीचं लग्न अडन."

ती पोरगी म्हणजे मी. एवढी वर्षं मला कोणी सांगितलं नाही. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

"अन् तुले?"

त्याने मान खाली घातली. "दोन महिने झाले. पोरीचं जमू दे, मंग पाहू."

गोळ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी पिशवीत भरल्या आणि भाचीला हाक मारली.

"पाहुण्यांले फोन कर. आठ दिवसांनं या म्हणावं. काहून म्हटलं, त सांग, बापाले रक्त जाऊन राहिलं, आत्या त्याले नागपूरले घेऊन गेली."

"अवं, हळू बोल," भाऊ म्हणाला. "लोक ऐकतीन."

मी तेच पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं.